मिग-२१ च्या पॅनल लाइन्सना काळा वॉश द्यावा की तपकिरी?

तुमचा प्रश्न: १/७२ चं मिग-२१ एफएल पहिल्यांदाच करतोय, चंदेरी रंगात, पॅनल लाइन्सना काळा वॉश मारू की तपकिरी, आणि वेदरिंग किती करू?

दोन्ही नको. (नव्यांसाठी: पॅनल लाइन्स म्हणजे विमानाच्या पत्र्यांचे सांधे, मॉडेलवर रेघा कोरून दाखवलेले; वॉश म्हणजे त्या रेघांत भरायचा पातळ रंग; वेदरिंग म्हणजे विमान वापरलेलं, मळलेलं दाखवणं; १/७२ म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं.) चंदेरीवर करडा घ्या, पातळ करून, आणि तोही सगळीकडे फासू नका. आता लगेच चार जण येतील सांगायला की असं केलं तर मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. पुढचं सगळं त्यांच्यासाठीच लिहितोय.

आमचे अण्णा ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, फिटर होते. १९७० ला लागले तेव्हा टाइप ७७ चालू होतं, म्हणजे तुमचं हेच एफएल, मग ९६ आलं, मग ७५, हे मिग-२१ चेच पुढचे प्रकार. घरात मिग हा शब्द कमीच, "सत्त्याहत्तरला असं नव्हतं, शहाण्णवला बदललं" असली बोलणी, आईलाही सगळं पाठ. तर मी हौसेनं सत्त्याहत्तर केलं, इंटरनेटवर बघून बघून प्रत्येक रेघेत काळा वॉश भरला, आणि त्यांना नाशिकला नेऊन दाखवलं. वाटलं म्हातारा खूश होईल. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेल तळहातावर घेतलं आणि अंगठ्याचं नख पंखावरून आडवं ओढलं. नख प्रत्येक रेघेला टक टक अडकत होतं. मग विचारलं, ही रेघ किती रुंद? मी म्हटलं असेल ०.२ मिलिमीटर. पेपरच्या कडेला पेनानं ७२ नं गुणलं. १४.४. "अरे, चौदा मिलिमीटरची फट! माझं बोट जाईल यात. अशी ठेवली असती तर इन्स्पेक्शनवाल्यानं घरी पाठवलं असतं मला." आणि मॉडेल टीव्हीवर ठेवून चहा प्यायला गेले.

मला आधी रागच आला. पण गणित चुकीचं नव्हतं. खऱ्या विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, आपल्या हातात तो जेमतेम १० सेंटिमीटर उरतो, मग पत्र्याचा सांधा दिसणार कुठून? संध्याकाळी परत बसलो तेव्हा त्यांनीच बोट ठेवून दाखवलं की कुठे गडद चालेल. पंखांवरचे एलेरॉन आणि फ्लॅप, शेपटावरचा रडर, कारण ते हलतात आणि तिथे खरोखर फट असते. वेग कमी करायला उघडतात त्या एअरब्रेकच्या कडा. आणि धडावरचा एक सांधा, जिथून मागचं अख्खं शेपूट सुटतं, कारण इंजिन काढायचं तर या विमानाचं मागचं धडच ओढून बाजूला घ्यावं लागतं. बाकी रेघा नुसत्या असल्याची चाहूल लागली तरी पुरे.

तसंच दुसरं केलं आणि पुण्यात एका प्रदर्शनात ठेवलं. परीक्षक म्हणाले, "पॅनल लाइन्स पॉप होत नाहीयेत, फ्लॅट वाटतंय." बक्षीस ज्याला मिळालं ते विमान बाथरूमच्या टाइल्स लावल्यासारखं होतं, चौकोन चौकोन, शिवाय पोटाखाली तोफेची काजळी! एफएलला पोटात तोफच नव्हती हो, नंतर लागेल तेव्हा बाहेरून तोफेचा पॉड, म्हणजे डबा, टांगायचे. मी हे तिथे बोललो तर म्हणे हा आर्टिस्टिक चॉइस आहे. असेल. मग गटाचं नाव स्केल मॉडेल कशाला ठेवता?

बरं, तुमचं काम. वॉशच्या आधी ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत वार्निशचा थर, द्याच, उघड्या प्लास्टिकवर एनॅमल वॉश साचला तर प्लास्टिक तडकतं. नाकात वजन भरा, नाहीतर मॉडेल शेपटावर बसेल, आणि नाक पोकळ असल्यामुळे जागा फक्त नाकातल्या सुळक्यात (कोनमध्ये) आणि कॉकपिटच्या मागेपुढे, तेव्हा धड चिकटवायच्या आधीच काय ते करा. वेदरिंग म्हणाल तर मागे एक्झॉस्टजवळचा पत्रा तापून काळपट-तपकिरी झालेला असतो तो दाखवा, चाकांना थोडी धूळ, बस.

हां, एक मात्र आहे. अण्णांनी पाहिली ती विमानं नवी कोरी, हँगरमधून निघालेली. स्क्वॉड्रनमध्ये वर्षानुवर्षं उन्हापावसात उभं राहिलेलं विमान मळतंच, आणि १९७१ च्या युद्धात एफएलवर घाईघाईत हातानं हिरवे-तपकिरी पट्टे मारले होते, तसलं करणार असाल तर खुशाल घाण करा, माझं काही म्हणणं नाही. टाइल्स मात्र नको.

नाकावरची पिटो ट्यूब, म्हणजे हवेचा वेग मोजणारी पुढे आलेली नळी, सगळ्यात शेवटी लावा. माझी तीनदा मोडली, आता तिथे इंजेक्शनची सुई आहे, अण्णांच्याच इन्सुलिनची.