गायरानात जुने गवत परत आणताना

गावच्या गायरानात पूर्वीचे गवत परत आणण्याचा तुमचा विचार वाचून मनापासून आनंद झाला. पहिल्या वर्षी जागा लहान ठेवा आणि झाडे लावू नका. उघडा माळ म्हणजे पडीक जमीन असे समजून खड्डे खोदण्याची चूक उत्साही मंडळी सर्वांत आधी करतात. मारवेल, पवन्या, कुसळी या गवतांना भरपूर ऊन लागते आणि तणमोरासारख्या पक्ष्याला मोकळे गवताळ रानच हवे असते.

एकरभर तुकडा निवडा, ग्रामसभेत विषय ठेवा आणि गुराख्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या, कारण चराईबंदी त्यांच्या संमतीनेच टिकते. तरोटा आणि रानतुळस ही तणे फुलावर येण्याआधी, माती ओली असताना, मुळासकट उपटा. बी धरल्यावर उपटले, तर ओढत नेताना तुम्हीच ते पेरता. आमच्या गटाकडून हे एकदा घडले आणि पुढच्या पावसाळ्यात त्या वाटेवर तरोट्याची हिरवी रांग उभी राहिली.

गवताचे बी दिवाळीच्या सुमारास, हात लावताच सुटू लागले की, जवळच्याच माळावरून गोळा करा, पण निम्म्याहून अधिक तिथेच राहू द्या. ते कोरडे ठेवून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर टाका. कुसळीचे बी खोल पुरू नका: ओल लागताच त्याचे लांब कुसळ पीळ सोडत फिरते आणि टोक आपोआप मातीत शिरते, हे शाळेतल्या मुलांना ओल्या मातीवर अवश्य दाखवा. रोपवाटिका आणि मोजणीच्या पद्धती यांचे दुसऱ्या वर्षी पाहू.