कमावणे, रापणे, रुळणे

प्रश्न अमेरिकेतून आला आहे. तिथल्या मराठी मुलांसाठी बेसबॉलच्या ग्लोव्हची निगा कशी राखायची याचं एक पान मराठीत करायचं आहे. ‘टॅन्ड लेदर’ला त्यांनी ‘रापलेलं चामडं’ लिहिलंय आणि नवा कडक ग्लोव्ह ‘ब्रेक इन’ करण्याला, म्हणजे वापरून मऊ आणि हातासारखा करण्याला, ‘तोडणे’. दोन्ही खटकतंय, तर काय लिहावं?

खटकतंय हे बरंच झालं. उन्हानं माणूस रापतो. चामडं रापत नाही, ते कमावतात. इंग्रजीत दोन्हीला ‘टॅन’ हा एकच शब्द, कारण त्या शब्दाचं मूळ ओक झाडाच्या सालीत आहे. सालीच्या पाण्यात कातडं तपकिरी व्हायचं, पुढे उन्हात तपकिरी झालेल्या माणसालाही तोच शब्द लागला. मराठीनं रंगाकडे पाहिलंच नाही, मेहनतीकडे पाहिलं. ‘कमावणे’ हे ‘कर्म’, ‘कम्म’ याच घराण्यातलं क्रियापद. पैलवान शरीर कमावतो, गवई आवाज कमावतो, शेतकरी जमीन कमावतो. आता आपण फक्त पैसे कमावतो, म्हणून ‘कमावलेलं चामडं’ ऐकून नवख्याला हसू येतं.

इतरांनी आणखी वेगळं पाहिलंय. जर्मन ‘गेर्बेन’च्या मुळाशी ‘तयार करणे’ आहे. त्याच कुळातला ‘गार’ हा शब्द आज नीट शिजलेल्या अन्नाला लावतात. जपानी ‘नामेसु’ लिहिताना जी खूण काढतात तिचा डावा भाग म्हणजे चामडं आणि उजवा म्हणजे मऊ. एका अक्षरात सगळी कृती!

मराठीत मला सगळ्यात आवडतो तो मात्र ‘तुरट’. कोल्हापुरी चपलेचं चामडं कमावतात ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून. हिरडा चावून पाहा. जीभ आकसते, कोरडी पडते. हिरड्यातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं म्हणून तसं होतं, आणि कातड्यातल्या प्रथिनांना धरतं म्हणून कातडं कुजत नाही. म्हणजे जिभेवर आपण क्षणभर चामडंच कमावत असतो. कमावण्याचा दुसरा जुना मार्ग तुरटीचा, आणि तिच्या तर नावातच तुरट आहे. सालीनं चामडं लालसर-तपकिरी होतं, तुरटीनं पांढरं. त्यावरून जर्मनांनी कारागीरही वेगळे केले, तांबडे ‘रोटगेर्बर’ आणि पांढरे ‘वाइसगेर्बर’. आपण ‘सालीनं कमावलेलं’, ‘तुरटीनं कमावलेलं’, आणि आता (क्रोमियमच्या क्षारांनी केलेल्याला) ‘क्रोमनं कमावलेलं’ म्हणतो, काही अडत नाही. बेसबॉलचा चेंडू पांढरा दिसतो तो तुरटीच्या चामड्यामुळे. अमेरिकेतल्या ‘मेजर लीग’ या व्यावसायिक स्पर्धेत हे चामडं 1974पर्यंत घोड्याचं असे, मग गाईचं आलं. शिवण हाताची, 108 दुहेरी टाके.

आता ग्लोव्ह. कमावणं चामड्याच्या कारखान्यात उरकलेलं असतं, त्यामुळे घरी मुलगा जे करतो त्याला ‘कमावणे’ म्हणू नका. ‘तोडणे’ तर नकोच, आजी म्हणेल नवी वस्तू का तोडतोस! यासाठी आपल्याकडे ‘रुळणे’ आहे. आमच्या घरी नवी कोल्हापुरी आली की आधी आठवडाभर संध्याकाळी तासभर घरातच घालायची, पट्ट्याच्या आतल्या बाजूला खोबरेलाचं बोट फिरवायचं. चार दिवस चावायची, करकरायची, मग एके दिवशी आजोबा म्हणायचे, “रुळली.” ग्लोव्हचं तेच. थोडं तेल चोळायचं, चेंडू आत ठेवून बांधून ठेवायचा, रोज झेल घ्यायचे. तेव्हा लिहा, ‘नवा ग्लोव्ह रुळवण्यासाठी’. जपानी लोक याला ‘कातात्सुके’ म्हणतात, आकार देणे, आणि गरम पाण्यात भिजवून मळण्याला ‘युमोमी’. मुलांना दुसरा प्रकार सांगू नका, ते लगेच करून बघतील.

भागांची नावं. ‘ग्लोव्ह’ तसाच ठेवा, ‘हातमोजा’ म्हटलं की थंडी आठवते. ग्लोव्हमधून ओवलेल्या चामडी दोरीला ‘वादी’ हा खणखणीत शब्द आहे, वाया घालवू नका. अंगठा आणि तर्जनी यांच्या मधली ती ‘बेचक्यातली जाळी’. चेंडू जिथे विसावतो त्या खोलगट जागेला मी मनात ‘पसा’ म्हणतो, एका हाताची पोकळी ती. पण छापील पानावर ‘खळगा’च बरा, पसा समजावून सांगावा लागेल.

राहिली लेबलावरची चामड्याची नावं, ‘स्टीअरहाइड’ आणि ‘किप’. खच्ची केलेला तो स्टीअर, आणि खच्ची न केलेल्याला आपण खोंड किंवा वळू म्हणतो, तेव्हा इथे ‘बैलाचं चामडं’ अगदी नेमकं बसतं. ‘किप’ म्हणजे वासरापेक्षा मोठं, पुरतं न वाढलेलं जनावर: गोऱ्हा किंवा कालवड. लेबलावर नर-मादी सांगितलेलं नसतंच, त्यामुळे ‘कोवळ्या जनावराचं चामडं’ लिहून मोकळे व्हा.