आजींना दिवसातून तीनदा आंघोळ का लागायची

"घरातलं म्हातारं माणूस आंघोळीवरून ऐकतच नाही हो" हे मी महिन्यातून चार-पाचदा तरी ऐकते. बहुतेकांची तक्रार असते की आंघोळच टाळतात. ही केस मात्र उलटी होती.

सून सासूबाईंना घेऊन आली, वय 76. दिवसातून तीन आंघोळी, पाणी कडकडीत, साबण दोनदा चोळायचा आणि मग रात्रभर पाय खाजवत बसायचं, नडग्यांवर भेगा पडून रक्त यायला लागलेलं. शुगर, किडनी, लिव्हर, थायरॉइड सगळं तपासून झालेलं (खाज त्यातूनही येते, त्यामुळे ते आधी बघायलाच हवं), सगळं नॉर्मल. त्वचा कोरडी पडलीय, गरम पाणी बंद करा म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, आजींनी ऐकलं नाही, म्हणून माझ्याकडे, समुपदेशनाला.

दोन सेशन सूनच बोलली. तिसऱ्यांदा मी तिला बाहेर बसवलं आणि सल्ला द्यायचा मोह आवरला, माझ्या मते या कामात तेच सगळ्यात अवघड.

"आंघोळ करून आल्यावर कसं वाटतं आजी?"

"तेवढा वेळ निर्धास्त वाटतं."

"धास्ती कसली?"

बराच वेळ गेला. मग हळूच म्हणाल्या, "नात म्हणाली, आजी तुझ्या खोलीत वास येतो."

आठ महिने घरात भांडणं चालली होती आणि हे वाक्य कोणालाच माहीत नव्हतं. आपण सवय सोडवायला बघतो, माणूस त्या सवयीने लाज झाकत असतं, हे मला तिथे लख्ख दिसलं.

"छे, कसला वास" असं मी म्हटलं नाही. खरं ते सांगितलं, की वयाबरोबर त्वचेवरच्या तेलाचं रसायन बदलतं, त्यातून नोनेनाल नावाचा पदार्थ तयार होतो, जपानी संशोधकांनी 2001 मध्ये तो दाखवला, चाळिशीनंतर कोणाच्याही अंगावर सापडू शकतो, घाणेरडेपणाशी त्याचा संबंध नाही.

"म्हणजे तुमच्या पण?" आजी पहिल्यांदा हसल्या.

पुढचं सोपं गेलं. चादरी, अभ्रे, स्वेटर वरचेवर धुवायचे कारण वास कपड्यांत मुरतो, आणि खिडकी उघडी ठेवायची. आंघोळ एकदाच, कोमट पाण्याने, दहा मिनिटांच्या आत. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्यालाच, बाकी अंगाला पाणी पुरे, कारण या वयात तेल आधीच कमी सुटतं. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही, आणि अंग ओलसर आहे तोवरच बिनवासाचं दाट क्रीम लावायचं, तेही खुर्चीत बसून, तळव्यांना लावून लगेच चाललं तर पाय सटकतो. बोटांच्या बेचक्या मात्र कोरड्याच ठेवायच्या. दिवसाआड आंघोळ केली तरी चालेल असंही मी सुचवलं, ते त्यांनी साफ फेटाळलं, मीही ताणलं नाही.

दीड महिन्याने नडग्या भरल्या होत्या. पाठीला हात पोचत नाही म्हणून तिथलं क्रीम नात लावते, आणि अर्धी ट्यूब संपवते ही आता आजींची तक्रार.