भिशीचे पैसे कुठे गेले?

"मावशी, मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत आहे. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत कुणाचा तरी मोबाइल उचलला म्हणून पोलिसांनी चौकीत बसवलं, समज देऊन सोडलं. हे लूमच्या कारखान्यात जॉबर, रात्रपाळी असते. यांना काही कळलं की त्याला पट्ट्यानं मारतात. मी घरीच शाळेचे गणवेश शिवते. मागच्या महिन्यात त्यानं गल्लीतल्या किराणा दुकानाच्या गल्ल्यातून साडेतीन हजार काढले. ते मी भिशीतून भरून मिटवलं, यांना आणि त्याला काही बोलले नाही. संगतच वाईट आहे. पोलिसांत नाव लागलं तर पुढे नोकरी मिळेल का? यांचा मार कसा थांबवू? – एक आई, सोलापूर"

अगं, पट्टा बंदच व्हायला हवा, त्यात विचारण्यासारखं काही नाही. पण पत्र तुझं आहे, तेव्हा बोलू या भिशीवर. ती गोष्ट तू एका ओळीत उरकलीस आणि लगेच संगतीवर घसरलीस.

पोरानं गल्ला उघडला, पैसे उडवले आणि महिनाभर कुणी हूं की चूं केलं नाही. त्याच्या लेखी चोरी पचली. मोबाइलला पाठीवर वळ, गल्ल्याला काहीच नाही. यातून तो एवढंच शिकला, की चोरी करायला हरकत नाही, बाबांना कळता कामा नये. आणि ते कळू न देण्याचं काम तू करतेस, स्वतःच्या कष्टाच्या पैशांनी.

संगत म्हणतेस. शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या अमेरिकन नवराबायकोनं बॉस्टन भागातली गुन्ह्यात सापडलेली ५०० आणि न सापडलेली ५०० मुलं घेतली. वय, बुद्धी, वस्ती सारखी बघून जोड्या लावल्या. १९५० साली निष्कर्ष छापले. वस्ती तीच, तरी घरं वेगळी निघाली. फरक होता बापाच्या शिस्तीत, आईच्या देखरेखीत, दोघांच्या मायेत आणि घरातल्या एकोप्यात. बिघडलेल्या पोरांच्या घरी बापाची शिस्त बहुधा एक तर अति कडक, नाही तर लहरी. तुमच्याकडे दोन्ही आहे, पट्टा त्यांचा आणि पांघरूण तुझं.

नोकरीची भीती सोड. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अठराच्या आतल्या मुलावर किरकोळ चोरीसाठी सहसा एफआयआर होत नाही, स्टेशन डायरीत नोंद होते. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेलं तरी पंधराच्या मुलाला त्यापायी पुढे अपात्र ठरवता येत नाही. मात्र त्या टोळक्यात कुणी अठराच्या वरचा असेल तर एफआयआर होऊ शकतो. तो कोण, हे माहीत करून घे.

आता एकच काम सांगते. येत्या रविवारी त्याला घेऊन त्या दुकानात जा. "गल्ल्यातले पैसे मी घेतले," हे तो बोलेल, तू नाही. आणि साडेतीन हजार तोच फेडेल. शाळा सुटल्यावर तुझ्या गणवेशांना बटणं लावेल, त्याचे पीसमागे जे होतील ते तुझ्या हातात देईल, भिशी भरून निघेपर्यंत. हिशेब त्याच्याच अक्षरात, वहीत.

नवऱ्याला आधी सांगायचं, शनिवारी, ते कामावर जायच्या आत. एकटीनं नको. तुझ्या भावाला बोलावून घे. मामा समोर बसलेला असताना पट्टा खुंटीवरून निघत नाही. आणि निघालाच, तर भाऊ पोराला दोन दिवस आपल्याकडे नेईल, हे त्याच्याशी आधीच बोलून ठेव. दुकानात मात्र रविवारीच जायचं.

दुकानदार म्हणेल, "जाऊ द्या ताई, पैसे मिळाले की मला." तू लगेच विरघळशील, माहीत आहे मला. तिथून हलायचं नाही. पोराचं बोलून होईपर्यंत त्यांना ऐकून घ्यायला सांग.