चांदोबाचे अंक आणि कांड्यांचा हिशोब

"मॅडम, आमचे हे रात्री दोन वाजता गोट्या मोजत बसतात. डोक्यावर परिणाम झालाय का त्यांच्या?"

फोनवर बाई कुजबुजत होत्या. बहुतेक शेजारच्या खोलीत नवरा होता, आणि खरंच मोजत असावा.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या वेषात येतोय. कुणाचा नवरा दूरदर्शनच्या जुन्या मालिकांतून उठत नाही, कुणाची बहीण शाळेच्या ग्रुपवर दिवसभर 'ते दिवस' शोधत असते. एका चाळिशीच्या बाईंनी तर स्वतःच विचारलं होतं, "जुनं आठवून रडू येतं, हा आजार आहे का?" म्हणून हा अनुभव लिहितेय. संबंधितांची परवानगी आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

गृहस्थ सोलापूरच्या पूर्व भागातले, वय ४६. घरात तेलुगू, बाहेर मराठी, रागावले की दोन्ही. टॉवेलचे थोडे यंत्रमाग. कारखान्यात सगळे 'मालक' म्हणतात, म्हणून मीही इथे मालकच म्हणते. पहिल्या दिवशी सात रस्त्याजवळच्या माझ्या खोलीत ते बायकोमागून आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले, कधीही उठून जाता येईल असे.

"मला काही झालेलं नाही. हिला वाटतं म्हणून आलो."

घरात काय काय जमलं होतं त्याची यादी बाईंनी सांगितली. दोन टेपरेकॉर्डर, त्यातला एक चालू. कॅसेटींनी भरलेली साबणाची खोकी. भोवरे, जुने कॉमिक्स. 'चांदोबा'चे अंक तर पोत्याने, काही मराठी, काही तेलुगू. (हे मासिक मूळचं तेलुगू-तमिळ, १९४७ साली मद्रासहून निघालं. मराठीत त्याचा चांदोबा झाला. आपल्या गावात एका वाड्यात दोन्ही भाषांतले अंक असायचे, ही सोलापूरची खास श्रीमंती.) आणि बरण्या भरून गोट्या. बरं, यातल्या कशाला मुलाने हात लावायचा नाही. तेरा वर्षांचा मुलगा मोबाइल घेऊन बसला की मालकांची टेप सुरू: "आमच्या वेळी असलं नव्हतं, तरी आम्ही सुखी होतो. तुमचं कसलं बे बालपण!" मुलाने बापाशी बोलणंच कमी केलं होतं.

आधी आजाराचं. एके काळी हा खरोखर आजारच मानला जायचा. १६८८ साली बासेल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने घरच्या ओढीने झुरणाऱ्या लोकांवर प्रबंध लिहिला आणि ग्रीकमधले 'परतणं' व 'वेदना' हे दोन शब्द जोडून नॉस्टॅल्जिया हे नाव दिलं. परमुलखात लढणाऱ्या स्विस सैनिकांचा आजार म्हणून तो पुढे गाजला. आज कुणी त्याला आजार म्हणत नाही. साउदम्प्टन विद्यापीठातल्या सेडिकिडिस आणि वाइल्डशुट यांच्या अभ्यासात उलट चित्र दिसलं: एकटं किंवा उदास वाटलं की माणसाला जुनं आठवतं, आणि त्या आठवणीने आपल्याला कुणीतरी आहे ही भावना वाढते. मन स्वतःवरच गरम कपड्याचा शेक देतं, असं मी पेशंटना सांगते. तेव्हा जुन्या गाण्याने डोळे भरून आले तर घाबरू नका. माझ्याही टेबलाच्या खणात पाच सागरगोटे आहेत. दुपारी पेशंट नसला की झेलते, दुसऱ्या डावाच्या पुढे जमत नाही.

काळजीचं कारण आहे का, हे मी मात्र झोप, पैसा, काम आणि घरातली माणसं या चार ठिकाणी बघते. मालकांची झोप गेली होती आणि मुलगा दुरावला होता. उदासीचा आजार आहे का तेही तपासलं, कारण दोन आठवड्यांहून जास्त काळ मन कशातच लागत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, तर त्याला 'आठवणी' म्हणून सोडून द्यायचं नसतं. (अशा वेळी १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फुकट बोलता येतं, मराठीतही.) मालकांचं तसं नव्हतं. ते कारखान्यात जात होते, जेवत होते, हसतही होते.

मग मी चूक केली. पुस्तकी सल्ला दिला: जुन्या वस्तूंना रोज एकच तास, महिनाभर नवीन खरेदी बंद. मालकांनी मान डोलावली आणि त्याच आठवड्यात आणखी एक बरणी आणली. तिसऱ्या भेटीत बाई म्हणाल्या, "आता गच्चीवर लपवलालेत." दारुड्याला सांगतात तसं मी त्यांना सांगितलं होतं, आणि ते तसेच वागले.

चौथ्या भेटीला एकट्यांना बोलावलं. म्हटलं, बंद काहीच करायचं नाही, फक्त सांगा. हे कधी सुरू झालं?

"लॉकडाऊनमध्ये."

२८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं, ते सगळ्या घराने पाहिलं. बाकीचे पाहून उठले, मालक उठले नाहीत.

"रामायणामुळे?"

"नव्हे ओ. आवाजामुळे." मग बराच वेळ गप्प. "माग बंद होते ना. घराखालीच कारखाना. जन्मात एवढं शांत ऐकलं नव्हतं. म्हणजे एकदाच ऐकलं होतं."

ते एकदाच म्हणजे वडिलांची मिल बंद पडली तेव्हा. सोलापुरात गिरण्यांच्या भोंग्यावर घरं चालायची. भोंग्यावर चूल पेटायची, भोंग्यावर पोरं उठायची. एका सकाळी भोंगा झालाच नाही, आणि वडील तरीही उठून, डबा घेऊन, दारात बसून राहिले. मालक तेव्हा अकरा-बारा वर्षांचे. पुढच्या आठवड्यापासून शाळा सुटली की शेजारच्या कारखान्यात कांड्या भरायला जायचं. माग चालतो तेव्हा धोट्यातून आडवं सूत जातं, ते ज्या लहान नळीवर गुंडाळलेलं असतं ती कांडी. चातीवर नळी खोचायची, दोन बोटांत सूत धरायचं, भरली की काढायची, दुसरी. त्यांनी मला बोट दाखवलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर, पेराच्या थोडं वर, एक बारीक आडवी खाच होती. इतक्या वर्षांत ती बुजली नव्हती.

"मग गोट्या कधी खेळलात?"

ते हसले. "खेळलो की. दोन वर्षं, तीन वर्षं."

"किती होत्या तुमच्याकडे?"

"माझ्याकडे? सात-आठ. त्यापण जिंकलेल्या नव्हत्या, सापडलेल्या."

मी एकेक वस्तू विचारत गेले. टेपरेकॉर्डर? घरी नव्हता, समोरच्या घरातला ऐकू यायचा. चांदोबा? दुकानात टांगलेला असायचा. उभ्याने चाळला तर दुकानदार ओरडायचा. १९८७ चं 'रामायण'? दर रविवारी शेजारच्या खिडकीतून, पाय दुखले की पाळीपाळीने विटेवर. गड्डा? संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत होम मैदानावर जायचे, आकाशपाळणा खालून बघायचे. "शोभेचं दारूकाम तेवढं आमचंच. ते सगळ्यांना सारखंच दिसतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बरण्यांमध्ये त्यांचं बालपण नव्हतंच. ते दुसऱ्यांच्या हातात पाहिलेलं बालपण होतं. पोराला 'आम्ही सुखी होतो' म्हणून ज्या दिवसांचं कौतुक ऐकवत होते, त्यातला निम्मा काळ त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. हरवलेल्याची आठवण निवळते. न मिळालेल्याची ओढ मात्र कितीही विकत आणलं तरी पुरत नाही. कितवी बरणी पुरेशी होणार होती?

मी हे त्यांना जवळपास असंच सांगितलं. त्यांना आवडलं नाही. "म्हणजे मी खोटं बोललालो?" म्हणाले. खोटं नव्हे, म्हटलं, अर्धं. पोराला अर्धंच सांगताय, आणि त्या अर्ध्याने त्याला झोडपताय. पुढच्या वेळी 'आमच्या वेळी' तोंडात आलं की त्याच्यापुढे कांड्यांचं वाक्य जोडायचं. एवढंच काम दिलं.

दोन भेटी ते आलेच नाहीत. मला वाटलं, संपलं.

नंतर आले ते जरा घाईत, बसायला वेळ नाही म्हणत. चांदोबाचे अंक ठेवलेत, एक टेपरेकॉर्डर ठेवलाय. दोन बरण्या गल्लीतल्या पोरांना वाटल्या. त्यांना गोट्यांचं काही पडलेलं नाही, गलोलीत घालून मारतात, त्यावरून शेजारीण भांडून गेली. रात्री अजूनही कधीकधी जाग येते. मोबाइलवरून पोराशी वाद अजून होतातच, आणि माझ्या मते ते व्हावेतच.

"एक झालं मात्र," दारात उभे राहून म्हणाले. परवा रात्री मुलाने खाच पाहून विचारलं, हे काय. सांगितलं. पोरगं गप्प बसलं, मग मोबाइल काढून आकडेमोड करायला लागलं. दिवसाला किती कांड्या भरायच्या, एका कांडीला किती मिळायचं, चांदोबा केवढ्याला होता. म्हणजे एका अंकाला किती कांड्या, बाबा?

"मग किती आल्या?"

"हिशोबच लागला नाही. मला कांडीचा भाव आठवेना. तो म्हणाला, आजीला विचारू. ती झोपली होती. उठवलं."