'१२ गुण', चाळणी आणि निदान

चाळीसगावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी जळगावला कॉलेजात शिकते. तिथल्या आरोग्य शिबिरात तिने चिंतेबद्दलची 'जीएडी-७' नावाची प्रश्नावली भरून दिली आणि हाती कागद आला: 'जीएडी-७, स्कोअर १२, मॉडरेट, स्क्रीन पॉझिटिव्ह'. ताई विचारतात, घरच्यांना हे मराठीत कसं सांगू? 'मुलीला चिंतारोगाचं निदान झालं' असं म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार, ताई. मराठी म्हणून वाक्यात काही खोट नाही, पण कागद तसं म्हणतच नाही.

घोळ 'स्क्रीनिंग'पासून सुरू होतो. आपण त्याला 'तपासणी' किंवा 'चाचणी' म्हणतो आणि हे दोन्ही शब्द निकाल लागल्यासारखे वाटतात. रक्ताची चाचणी केली, साखर निघाली, विषय संपला. इथे 'चाळणी' हा शब्द जास्त नेमका आहे आणि तो काही नव्याने घडवावा लागत नाही. एमपीएससीची 'चाळणी परीक्षा' धुळ्या-नंदुरबारच्या अभ्यासिकांत सगळ्यांना ठाऊक आहे. ती पार केली म्हणजे पोरगा साहेब झाला असं नसतं (गावात हार घालतात तो भाग वेगळा), त्याला फक्त पुढच्या टप्प्याला बोलावणं येतं. 'स्क्रीन पॉझिटिव्ह'चा अर्थ तेवढाच. कोरोनापासून 'पॉझिटिव्ह' ऐकलं की आपल्या पोटात गोळा येतो, म्हणून मी तर तो शब्द घरात उच्चारूच नका म्हणेन.

ही चाळणी किती बारीक आहे तेही पाहू. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट स्पिट्झर आणि सहकाऱ्यांनी ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न आणि प्रत्येकाला ० ते ३, म्हणजे एकूण ० ते २१. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून तीव्र. १० ही रेघ धरली, तर मूळ अभ्यासात सार्वत्रिक चिंताविकार (एकाच नाही, अनेक गोष्टींची सततची काळजी) असलेल्या शंभरांतले ८९ सापडले आणि नसलेल्या शंभरांतले १८ उगाच अडकले. आता समजा, हजार मुलांनी कागद भरला आणि त्यांत खरोखर विकार असलेली ५० आहेत. त्यांतली ४५च्या आसपास सापडतील. उरलेल्या ९५० मधली १७१ मात्र तशीच अडकतील. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या २१६ पैकी पाचांत जेमतेम एकाला तो विकार. बाकीची सगळी ठणठणीत असतील असंही नाही. कुणाला दुसराच एखादा चिंताविकार असेल, कुणाला नैराश्य, कुणाची नुसती परीक्षा जवळ आलेली असेल.

आता 'निदान'. या शब्दाचा जुना अर्थ मूळ कारण. 'माधवनिदान' हा आयुर्वेदातला ग्रंथ रोगांची कारणं आणि लक्षणं लावून देतो, म्हणून त्याचं नाव तसं. सात प्रश्नांचा कागद कारण विचारतच नाही. ते काम डॉक्टरांचं. डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनुसार काळजी किमान सहा महिने, बहुतेक दिवस, आवरू म्हणता न आवरणारी हवी. तिच्यासोबत झोप किंवा एकाग्रता बिघडण्यासारखी काही लक्षणं हवीत आणि तिच्यामुळे बराच त्रास होत असावा किंवा रोजचं काम बिघडलेलं असावं. शिवाय थायरॉइड वाढलेलं नाही ना, एखाद्या औषधाचा किंवा नशेचा हा परिणाम नाही ना, हे तपासावं लागतं. कागद दोन आठवड्यांचं विचारतो आणि निदानाला सहा महिने पाहावे लागतात. वादळात केळीची बाग आडवी झालेल्या रावेरच्या शेतकऱ्याने त्याच पंधरवड्यात हा कागद भरला तर १४ सहज येतील. त्याची चिंता शंभर टक्के खरी आहे, पण तेवढ्यावरून विकार ठरत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही मानसिक आजार मान्य वैद्यकीय निकषांनीच ठरवायला सांगतो. गंमत म्हणजे 'निदान'चा दुसरा अर्थ, 'निदान एकदा दाखवून तरी या' यातला, या कागदाला अगदी चपखल बसतो.

सगळ्यात फसवा शब्द 'गुण'. 'स्कोअर'ला गुण म्हणाल तर आजी विचारेल, १२ गुण मिळाले म्हणजे चांगलंच ना? त्यात आपल्याकडे 'त्या डॉक्टरच्या औषधाचा गुण आला' म्हणजे माणूस बरा झाला. इथे नेमकं उलट आहे, गुण वाढले की त्रास जास्त. तेव्हा 'अंक' म्हणा, नाहीतर सरळ 'स्कोअर'. स्कोअर सगळ्यांना कळतो.

'चिंता'सुद्धा जपून वापरावी. कर्ज, लग्न, कापसाचा भाव यांची चिंता आपण रोज करतो, त्याला आजार म्हणत नाही. आजार म्हणायचा तर 'चिंताविकार' असा जोडशब्द लागतो. अहिराणी घरांत तर 'जीव घाबरस' या दोन शब्दांत छातीतली धडधड, गुदमरणं आणि भीती सगळं येतं. कागदावर 'चिंता वाटली का' या प्रश्नापुढे 'अजिबात नाही' अशी खूण करणारी बाई तोंडी विचारलं तर तासभर जीव घाबरल्याचं सांगेल. कमी स्कोअरही म्हणूनच अखेरचा शब्द नाही. बोलूनच कळतं.

तर ताई, घरी असं सांगा: 'तिच्या चाळणीत स्कोअर मध्यम आलाय, नक्की काय आहे ते डॉक्टरांना दाखवून कळेल.' 'चाळणीत' अवघडल्यासारखं वाटलं तर 'प्राथमिक तपासणीत' म्हणा, फक्त 'प्राथमिक' गाळू नका. आणि दाखवायचं लांबवू नका, १२ हा काही सोडून देण्यासारखा आकडा नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला वेळ लागणार असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.