जाऊ हो, पण तिथे होतं काय?

मागच्या अंकात झोपेबद्दलच्या एका पत्राला उत्तर देताना मी सहज लिहिलं होतं की एकदा काउन्सेलरकडे जाऊन या. त्यावर इतकी पत्रं आली, आणि सगळ्यांचा सूर एकच, जाऊ हो, पण तिथे होतं काय ते तर सांगा. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला.

प्रश्न: ताई, खूप टाळून शेवटी पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेतलीये. झोप नीट नाही, मधेच धडधड सुरू होते, कामात लक्ष नाही. पण आता टेन्शन हे आलंय की तिथे जाऊन बोलायचं काय, अगदी लहानपणापासून सगळं सांगायचं का, आणि रडायला आलं तर? शिवाय माझ्यापेक्षा मोठे प्रॉब्लेम असलेली माणसं असतात, माझं हे ऐकून त्यांना वाटेल ही उगाच वेळ खायला आलीये.

उत्तर: शेवटची शंका आधी घेते, कारण ती जवळपास प्रत्येकालाच असते. दुःख पुरेसं मोठं आहे का हे तपासून कुणी आत घेत नाही. झोप उडालीये, धडधड होतेय, कामात मन नाही, हे कारण भरपूर झालं, खरं तर याच्या अर्धं असतं तरी चाललं असतं.

आता होतं काय ते. आधी एक फॉर्म येतो, वय, जुने आजार, चालू गोळ्या, तातडीच्या वेळी कोणाला फोन करायचा वगैरे. सोबत संमतीपत्र असतं, त्यात फी, सेशन रद्द करायचे नियम आणि गुप्तता कुठपर्यंत पाळली जाईल हे लिहिलेलं असतं, लोक ते न वाचताच सही ठोकतात, तुम्ही मात्र वाचा. बऱ्याच ठिकाणी एखादी प्रश्नावलीपण देतात. उदासपणासाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या दोन जास्त दिसतात, एकीत ९ प्रश्न, दुसरीत ७. गेल्या २ आठवड्यांत हे किती वेळा झालं एवढंच विचारतात, प्रत्येकाला ० ते ३ मार्क, म्हणजे पहिलीत जास्तीत जास्त २७ आणि दुसरीत २१. आकडा मोठा आला म्हणून घाबरायचं नाही, नुसत्या त्या कागदावरून निदान होत नसतं, तो बोलणं सुरू करायला आणि पुढे काही फरक पडतोय का हे बघायला उपयोगी पडतो. फक्त पीएचक्यू-९ मधला शेवटचा प्रश्न, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असं वाटतं का, तिथे लोक पटकन शून्यावर टिक करून मोकळे होतात. प्लीज तसं करू नका. तो प्रश्न तुम्हाला पकडायला ठेवलेला नाहीये.

मग प्रत्यक्ष सेशन, साधारण ४५ ते ६० मिनिटांचं. पहिल्या वेळी काउन्सेलरच जास्त विचारतात, आत्ताच का यावंसं वाटलं, कधीपासून होतंय, झोप, भूक, काम, घरी कोण कोण, दारू-तंबाखू, आधी कुठे दाखवलं होतं का, घरात कुणाला असा त्रास होता का. त्यामुळे बोलायला काही सुचलंच नाही तरी वेळ रिकामा जात नाही. लहानपणापासून सुरुवात करायची अजिबात गरज नाही, आज जे सलतंय तिथून करा, आणि नाहीच सुचलं तर "कुठून सुरू करू कळत नाहीये" हेच बोला, शेकडो सेशन्स याच वाक्याने सुरू होतात. एखादी गोष्ट इतक्यात सांगायची नसेल तर "हे आत्ता नको" म्हणायचं, चालतं. रडायला आलं तर रडा, टिश्यूचा डबा तिथे असतोच आणि तो शोभेसाठी नसतो. मधे शांतता पसरली तर ती भरून काढायची जबाबदारी तुमची नाही. समोरची व्यक्ती लिहून घेत असेल आणि ते टोचत असेल तर विचारा, काय लिहिताय, कुठे ठेवता, कोण वाचतं.

एक गंमत सांगते. पूर्ण वेळ ऑफिसबद्दल बोलून झाल्यावर शेवटच्या मिनिटाला, दार उघडता उघडता माणूस म्हणतो "अजून एक होतं, पण जाऊ दे". ते "जाऊ दे"च बहुतेक वेळा खरं कारण निघतं. तुमच्याकडे असं काही असेल तर ते कागदावर लिहून न्या, वाचून दाखवा, नाहीतर कागदच हातात द्या.

प्रश्न: मी १९ वर्षांचा आहे. मी जे बोलेन ते आईबाबांना सांगतील का? आणि कधी कधी मरायचे विचार येतात असं सांगितलं तर डायरेक्ट घरी फोन जाईल किंवा ॲडमिट करतील अशी भीती वाटते, म्हणून गेलोच नाही अजून.

उत्तर: अरे, ही भीती अगदी रास्त आहे, तेव्हा स्पष्टच सांगते. तू सज्ञान आहेस, त्यामुळे तुझं बोलणं तुझ्यापाशी आणि काउन्सेलरपाशी राहतं, फी बाबा भरत असले तरी. याला अपवाद असतात आणि ते पहिल्याच सेशनला सांगायचे असतात: तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला खरा धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, किंवा कोर्टाने माहिती मागितली. बारीकसारीक नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, म्हणून सरळ विचार, "मी काय सांगितलं तर तुम्ही ते दुसऱ्याला सांगाल?" चांगला काउन्सेलर या प्रश्नाने नाराज होत नाही. अजून एक माहीत असू दे, काउन्सेलर आपल्या कामाबद्दल स्वतःच्या सीनियरशी चर्चा करतात, त्यात तुझी ओळख कळेल असं काही सांगायचं नसतं.

आता मरायच्या विचारांचं. असे विचार येतात हे सांगितल्या सांगितल्या कुणी फोन उचलत नाही. आधी नीट विचारतात की हे नुसतं "सगळं संपावं" असं वाटणं आहे की काही ठरवलंय, कसं ते ठरवलंय का, ते साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. त्यावरून तुम्ही दोघं मिळून ठरवता की विचार तीव्र झाले तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, घरातली कुठली वस्तू लांब ठेवायची. घरच्यांना सांगायची वेळ आलीच तरी शक्यतो आधी तुला सांगून, काय बोलायचं ते तुझ्याशी ठरवून. आणि हे वाचताना जर विचार आत्ता जोरात असतील, काही ठरवून झालं असेल, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा किंवा हेल्पलाइनला फोन लाव, आणि तोवर एकटा थांबू नकोस.

प्रश्न: माझी ३ सेशन्स झाली. मॅडम चांगल्या आहेत पण सल्लाच देत नाहीत हो, मी विचारलं काय करू तर म्हणतात तुम्हाला काय वाटतं. मला माहीत असतं तर पैसे देऊन आलो असतो का! आणि घरी आल्यावर अजूनच थकल्यासारखं, चिडचिड. चालू ठेवू की सोडू?

उत्तर: तुमची चिडचिड मला पटली, आणि पहिला सल्ला हाच की हे पत्र मला पाठवलंत तसंच त्यांना वाचून दाखवा. अगदी याच शब्दांत.

सुरुवातीच्या सेशन्सनंतर थकवा येणं, रात्री जुनं आठवत राहणं हे बऱ्याच जणांना होतं, वर्षानुवर्षं बाजूला सारलेलं पहिल्यांदा मोठ्याने बोललं की त्याचा त्रास होणारच. सेशननंतर लगेच मीटिंग किंवा घरातला वादाचा विषय ठेवू नका, अर्धा तास मोकळा ठेवा. पण आठवडे उलटले तरी दर वेळी खालीच जातोय असं वाटत असेल तर ते "होतं असं" म्हणून सोडून द्यायचं नाही.

सल्ल्याचं म्हणाल तर नोकरी सोडू का, लग्न मोडू का, हे त्या ठरवणार नाहीत आणि ठरवूही नये, परिणाम तुम्ही भोगणार. मात्र नुसतं ऐकत बसणं हीच एक पद्धत आहे असंही नाही. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी) म्हणून जी पद्धत आहे, १९६० च्या दशकात ॲरन बेक या अमेरिकन सायकियाट्रिस्टनी मांडलेली, त्यात चांगलं रोखठोक काम असतं, कुठल्या प्रसंगी काय विचार आला, मग काय वाटलं, काय केलं हे लिहायचं, टाळत असलेली गोष्ट थोडी थोडी करून बघायची, दर आठवड्याला होमवर्क. ती साधारण ८ ते २० सेशन्समधे आटोपते, काही पद्धती कितीतरी लांब चालतात. तेव्हा त्यांना विचारा, आपली पद्धत कुठली, आपण कशासाठी काम करतोय, फरक पडला हे कशावरून कळणार. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ मधे लिहिलं होतं की हे नातं ३ गोष्टींवर उभं असतं: ध्येयावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि आपसातला विश्वास. तुमच्याकडे तिसरी दिसतेय, पहिल्या दोघींबद्दल बोलणंच झालेलं नाही. ते बोलून झाल्यावर अजून दोन-तीन सेशन्स द्या, मग सोडा किंवा बदला, बदलताना अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही.

काही बाबतीत मात्र एवढी वाट बघायची नाही. काउन्सेलर स्वतःचीच दुखणी सांगत बसले, अंगचटीला आले, बाहेर भेटायला बोलावलं, सहा सेशन्समधे बरं करतो अशी गॅरंटी दिली, डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करा म्हणाले, तर उठायचं आणि निघायचं.

प्रश्न: काउन्सेलरकडे गेलं की गोळ्या सुरू होतात का?

उत्तर: नाही. गोळ्या साधारणपणे सायकियाट्रिस्ट देतात, ते मेडिकल डॉक्टर असतात. गरज वाटली तर काउन्सेलर त्यांच्याकडे पाठवतात, दोन्ही एकत्र चालू शकतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा फरक दिसायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनाने एकदम बंद करायच्या नाहीत. थकवा आणि उदासी असेल तर थायरॉइड आणि रक्ताची तपासणी एकदा करून घ्या, तिथेही कारण सापडतं कधी कधी.

प्रश्न: भावाला खूप गरज आहे पण तो ऐकतच नाही. साध्या चेकअपला जाऊ म्हणून नेऊ का?

उत्तर: नको. तिथे पाच मिनिटांत त्याला कळेल आणि मग तो पुढे कुणाकडेच यायचा नाही, तुमच्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. "तुझं काहीतरी बिघडलंय" असं म्हणण्यापेक्षा तुम्हाला जे दिसतंय ते सांगा, रात्री जागा असतोस, मित्रांचे फोन घेत नाहीस, मला काळजी वाटते. फोन करून वेळ घेणं, सोबत येऊन बाहेर बसणं, एवढं तुम्ही देऊ शकता. एकच सेशन करून बघ, नाही पटलं तर परत म्हणणार नाही असं सांगितलं तर काही जण तयार होतात, फक्त तो शब्द मग पाळायचा. नाहीच म्हणाला तर तुम्ही स्वतः एखादं सेशन घ्या, त्याच्याशी कसं बोलायचं, कुठे थांबायचं यावर, यासाठी येणारे घरचे लोक भरपूर असतात. जिवाला धोका दिसत असेल तेव्हा मात्र त्याच्या होकाराची वाट न बघता सरळ हॉस्पिटल.